इंजिन ऑइल गळतंय? गाडी उघडायला देण्याआधी घरी करायचा तपास

ताईची गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. मे महिन्यात तिच्या पार्किंगच्या फरशीवर काळे डाग दिसायला लागले. गॅरेजमध्ये नेली तेव्हा मेकॅनिकनं खालून टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेले असतात तिथं एक थेंब लोंबत होता. "मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल," असं सांगून त्यानं चौदा हजारांचा अंदाज दिला. ताईनं घाबरून मला फोन केला.

रविवारी सकाळी गार इंजिनाचं बॉनेट उघडलं आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कडेवरून, म्हणजे काचेच्या बाजूनं, बोट फिरवलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. ऑइल तिथून निघत होतं, इंजिनाच्या पाठीवरून ओघळत होतं आणि खाली गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन थेंब धरत होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, मजुरी धरून दीड हजाराच्या आत काम झालं. मेकॅनिकनं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. थेंब जिथं दिसला तिथंच त्यानं बोट ठेवलं, आणि ऑइलच्या बाबतीत नेमकी हीच चूक सगळ्यात महाग पडते.

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना समोरच्या वाऱ्यानं मागं फेकलं जातं. त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळती सुरू होते ती जागा यांत दोन-दोन फुटांचं अंतर असू शकतं. खाली दिलेला तपास करायला महागडी हत्यारं लागत नाहीत. एक चांगला टॉर्च, जुनी फडकी, पुठ्ठा, जुना टूथब्रश, अंगाला लावायची पावडर आणि दोन-तीन दिवसांचा धीर एवढं पुरतं. गाडी अजून वॉरंटीत असेल तर मात्र काहीही खोलू नका. डागांचे फोटो काढा आणि थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पहिलं काम: गाडी चालवावी का, ते ठरवा

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, ओढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे असेल तर तपासाला सवड आहे. खालच्या खुणेपर्यंत आलं असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडं थोडं घालत पातळी वर आणा. बहुतेक गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, आणि छोट्या पेट्रोल इंजिनात एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर मावतं. म्हणजे एक लिटर कमी होणं ही किरकोळ गोष्ट नाही.

मीटरवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर जागच्या जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. हा दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचं प्रेशर दाखवतो, पातळी नव्हे. तो लागेपर्यंत बेअरिंगला ऑइल पोचणं कमी झालेलं असतं. "पुढच्या चौकापर्यंत जाऊ" म्हणून ओढलेली गाडी इंजिन बांधायला काढावी लागते. तिथून टो करून न्या.

आणखी एक धोक्याची गोष्ट म्हणजे सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडणारं ऑइल. बॉनेटमधून जळका वास येत असेल, निळसर धूर निघत असेल, तर गाडी वापरू नका. त्यातून आग लागू शकते.

गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडी लावल्यावर इंजिनाखाली एक मोठा, कोरा पुठ्ठा सरकवा. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा उत्तम. पुढच्या चाकांच्या जागा आणि गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे त्यावर पेनानं लिहून ठेवा. सकाळी डाग बघा, बोटांनी चोळा, वास घ्या.

इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं, बोटांत बुळबुळीत लागतं. कुलंट हिरवं, गुलाबी, निळं किंवा नारिंगी असतं, त्याला गोडसर वास येतो आणि ते पाण्यासारखं पातळ असतं. ब्रेक ऑइल फिकट पिवळं, पातळ, आणि बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या वर सापडतं. ते सापडलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी हलवूच नका. डॅशबोर्डच्या साधारण खाली पडलेलं स्वच्छ पाणी हे एसीचं पाणी. उन्हाळ्यात त्यानं कित्येकांची झोप उडते, पण ते पडायलाच हवं. गिअर ऑइलला गंधकासारखा, कुजकट उग्र वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. हा वास लक्षात ठेवा, पुढं गिअरबॉक्सचा प्रश्न येईल तेव्हा त्यावरच निर्णय ठरणार आहे.

पावसाळ्यात फसगत जास्त होते. ओल्या जमिनीवर ऑइलचा एक थेंब हातभर इंद्रधनुषी तवंग पसरवतो आणि गळती आहे त्यापेक्षा दहापट मोठी वाटते. म्हणून पुठ्ठा कोरड्या जागीच टाकायचा.

गळती किती आहे, हे मोजा

ऑइलचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. त्यावरून हिशेब करा. दर दहा मिनिटांना एक थेंब पडत असेल तर दिवसाला १४४ थेंब, म्हणजे सुमारे सात मिलिलिटर, महिन्याला पाव लिटरच्या आत. दर मिनिटाला एक पडत असेल तर दिवसाला सत्तर मिलिलिटरच्या वर, पंधरा दिवसांत लिटरभर. पहिल्या गळतीत डिपस्टिकवर नजर ठेवून आठवडा-दोन आठवडे नीट तपास करता येतो, दुसरीत तेवढा वेळ नाही. इंजिन बंद झाल्यावर पहिल्या तासात जास्त गळतं आणि मग कमी होतं, तेव्हा आकडा रात्रभराचा घ्या. काही गळत्या फक्त इंजिन चालू असताना, प्रेशरखालीच होतात. पुठ्ठा कोरडा आणि डिपस्टिक खाली, असं दिसलं तर तेही ध्यानात घ्या.

पुठ्ठा कोरडा, इंजिन बाहेरून कोरडं, तरी ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतोय, असं असेल तर ऑइल आत जळतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा तो वेगळा आजार आहे. बाहेरची पॅकिंगं बदलून तो बरा होत नाही.

सर्व्हिसिंग नुकतंच झालंय का?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो, कारण निम्मं काम इथंच होतं. ऑइल फिल्टर काढताना त्यातलं ऑइल खालच्या आडव्या पट्टीवर (क्रॉस मेंबरवर), पाइपवर सांडतं. कोणी पुसत नाही. मग पुढचे चार-पाच दिवस ते थेंब थेंब पडत राहतं आणि मालकाला वाटतं गळती लागली. ऑइल ओततानाही टॅपेट कव्हरवर सांडतं.

खऱ्या चुकाही याच वेळी होतात. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहतं आणि त्यावरच नवीन फिल्टर चढवला जातो. दोन रबरं एकावर एक बसली की थोड्याच वेळात भराभर ऑइल येतं. ड्रेन नटाचा वॉशर जुनाच वापरला जातो. तो एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसेल याची खात्री नसते, आणि नवीन वॉशर चहाच्या किमतीत मिळतो. त्याहून वाईट म्हणजे लांब पान्यानं जोर लावून नट आवळणं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं, ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात आणि मग दहा रुपयांच्या वॉशरचं काम चेंबरपर्यंत पोचतं.

डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर तेही गळतीचं कारण असतं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, त्या जादा ऑइलला घुसळतो, फेस होतो, आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतं. अशा वेळी जादा ऑइल काढून टाकलं की बऱ्याचदा गळती थांबते.

इंजिन साफ करा

मळलेल्या इंजिनावर गळती शोधता येत नाही. वर्षानुवर्षांची धूळ ऑइल धरून ठेवते आणि सगळीच जागा ओली दिसते.

इंजिन पूर्ण गार असू द्या. डीग्रीझर मारा, दहा मिनिटं थांबा, टूथब्रशनं कडा आणि बोल्टांभोवतीचे खळगे घासा, ओल्या फडक्यानं पुसून काढा. डीग्रीझर नसेल तर भांड्याच्या साबणाचं पाणीही चालतं, वेळ जास्त लागतो इतकंच. प्रेशर वॉशर टाळा. पाणी अल्टरनेटर, कॉइल आणि वायरींच्या कप्लरमध्ये शिरतं आणि ऑइलची गळती शोधता शोधता नवीनच बिघाड पदरात पडतो. काही गॅरेजमध्ये डिझेल मारून इंजिन धुतात, तेही नको. डिझेलनं रबर फुगतं, आणि अंगावर राहिलेलं डिझेल गरम पाइपजवळ असणं बरं नाही.

इंजिनाखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढून पुसा. त्यात साठलेलं ऑइल भलत्याच भोकातून गळतं. त्यासाठी गाडीखाली जावं लागत असेल तर गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका. जॅक घसरतो, आणि त्यात माणसं गेली आहेत. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा, किंवा सरळ ओळखीच्या गॅरेजच्या पिटवर गाडी घ्या.

वरून खाली, पुढून मागे

साफ केल्यावर वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा. मग बॉनेट उघडा, इंजिन थोडं गार होऊ द्या, आणि टॉर्च घेऊन शोध वरून सुरू करा. नियम एकच: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. तिच्या खालचं सगळं ओलं असणं स्वाभाविक आहे, त्याकडे सध्या बघूच नका.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. एका बाजूला बेल्ट आणि पुली, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स. कुठली बाजू कुठली हे आधी बघून ठेवा.

सुरुवात ऑइल ओतायच्या झाकणापासून. त्याचं रबर कडक होऊन चिरलेलं असेल तर झाकणाभोवती ओलसर कडं दिसतं. मग टॅपेट कव्हरची पूर्ण कड. पुढची बाजू डोळ्यांना दिसते, मागची दिसत नाही, आणि गळती बहुधा तिथंच असते. तिथं हात घालून बोट फिरवा, नाहीतर मोबाइल मागं धरून व्हिडिओ घ्या. मी तर आता पहिल्यांदा मोबाइलच वापरतो. छोट्या आरशापेक्षा त्यात ओघळाची वाट नीट कळते. हे पॅकिंग रबराचं असतं, उष्णतेनं ते काही वर्षांत प्लॅस्टिकसारखं टणक होतं आणि कड धरत नाही. स्पार्क प्लगच्या कॉइल काढून प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. आत ऑइल साठलेलं असेल तर तेही याच कव्हरच्या सीलचं काम, आणि गाडी मिसिंग करत असेल तर त्याचं कारणही हेच असू शकतं.

त्यानंतर ऑइल प्रेशरचा स्विच. अंगठ्याएवढा तुकडा, ब्लॉकवर आटे घालून बसवलेला, त्याला एक वायर. याची गळती फार फसवी असते. आतला पडदा फाटला की ऑइल स्विचच्या पोटातून वायरच्या कप्लरमध्ये येतं आणि तिथून टपकतं. कप्लर ओढून बघा. आत ऑइल भरलेलं दिसलं तर तपास संपला. स्विच स्वस्त असतो आणि बदलायला अर्धा तासही लागत नाही. इंजिनाच्या खालच्या भागात तो बसवलेला असेल तर चेंबरचं पॅकिंग गेलं असं समजून चेंबर उतरवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

ऑइल फिल्टर हातानं चाचपून बघा, सैल असेल तर कळतो. पुलीच्या बाजूला, क्रँकच्या पुलीमागं पुढचं ऑइल सील असतं. ते गळत असेल तर पुली फिरताना ऑइल गोल फेकते आणि आजूबाजूच्या कव्हरवर चाकासारखा गोलाकार शिडकावा दिसतो. ओघळ आणि शिडकावा यांतला हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

डिझेल गाडी असेल तर टर्बोला ऑइल नेणारे आणि परत आणणारे पाइप, आणि ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाची ओ-रिंग हेही बघा. टर्बोच्या हवेच्या रबरी पाइपांच्या जोडावर मात्र थोडा ओलावा बहुतेक डिझेल गाड्यांत असतो. तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून, आलेल्या वाफेचा. तेवढ्यावरून कोणी टर्बो बदला म्हणालं तर थांबा.

पावडरची युक्ती

जागा दोन-तीनच उरल्या पण नक्की कुठली ते कळेना, तेव्हा ही युक्ती. त्या जागा ब्रेक क्लीनरनं किंवा कोरड्या फडक्यानं अगदी कोरड्या करा. ब्रेक क्लीनर पेट घेतो, म्हणून गार इंजिनावरच मारा आणि पूर्ण उडून जाऊ द्या. मग फडक्यावर पावडर घेऊन जोडावर थोपटा, पांढरा पातळ थर बसला पाहिजे. बेल्ट आणि अल्टरनेटरपासून पावडर लांब ठेवा. इंजिन जागेवरच पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, हात आणि कपडे पंख्यापासून दूर.

ताईच्या गाडीत असंच करून खात्री केली. आठव्या-नवव्या मिनिटाला कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टजवळ पावडरीत टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका उमटला. बघता बघता तो लांबला आणि त्यातून एक बारीक रेघ खाली निघाली. तो फोटो गॅरेजमध्ये दाखवल्यावर पुढं वाद राहिला नाही.

याहूनही बारीक गळती असेल तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून गाडी दोन दिवस चालवायची आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चनं बघायचं, ऑइलची वाट पिवळी-हिरवी चमकते. घरी विकत घेण्याची गरज नाही, पण मोठं काम काढण्याआधी गॅरेजला हे करायला जरूर सांगा.

एकाच वेळी बरीच सीलं गळतायत?

मग आधी ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर काढायची ती वाट. काजळी धरून ती तुंबली की दाब सीलांवर येतो, आणि चांगली सीलंही गळू लागतात. ब्रीदरचा पाइप काढून आत चिकट मळ आहे का बघा. तो साफ न करता नवीन सीलं घातली तर ती काही महिन्यांत पुन्हा गळतील. ब्रीदर मोकळा असूनही, इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात भपकारे येत असतील तर रिंगा झिजल्याची शंका घ्यावी आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.

गिअरबॉक्सच्या जोडातूनच येत असेल तर

वरचं सगळं कोरडं आहे, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाच्या तळातूनच ऑइल येतंय. आता मागच्या सीलची शंका रास्त आहे. तरी अजून एक प्रश्न उरतो: हे इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल? त्या पोकळीत दोन्ही बाजूंची सीलं असतात. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या, शेजारी डिपस्टिकचा एक थेंब टाका. रंग आणि वास जुळले तर क्रँकचं मागचं सील. कुजकट गंधकाचा वास आला तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. क्लच स्लिप व्हायला लागला असेल तर ऑइल प्लेटपर्यंत पोचलं असावं आणि काम लांबवू नये.

हे सील स्वतः स्वस्त असतं. पैसे गिअरबॉक्स उतरवायचे लागतात. म्हणून गळती बारीक असेल आणि क्लच अजून वर्षभर चालणार असेल तर मी डिपस्टिकवर लक्ष ठेवून थांबेन, आणि क्लच बदलताना त्याच मजुरीत दोन्ही सीलं बदलून घेईन. उलट, सीलसाठी गिअरबॉक्स उतरलाच आहे आणि क्लच अर्ध्याहून जास्त झिजलाय, तर क्लच सेटही तेव्हाच घालून घ्यावा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

"ऑइल लीकेज बघा" एवढंच म्हणून चावी देऊ नका. "टॅपेट कव्हरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून येतंय, हा फोटो, आधी तेवढं करा" असं सांगा. अंदाज लिहून घ्या, सुट्या भागांची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी. जुना भाग परत मागा. कोणी न धुता, न दाखवता मोठं काम सांगितलं तर शांतपणे म्हणा, "आधी धुऊन शंभर किलोमीटर चालवू, मग परत बघू." चांगला मेकॅनिक याला कधीच नाही म्हणत नाही.

दोन उपाय मात्र नाकारा. गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये घालणं हा पहिला. ते रबर मऊ करून फुगवतं, काही दिवस बरं वाटतं, पण फाटलेलं पॅकिंग त्यानं जुळत नाही. दुसरा म्हणजे पॅकिंग न बदलता बाहेरून किंवा जुन्यावरच गास्केटची पेस्ट थापणं. बाहेरून लावलेली टिकत नाही. आतून जास्त लावलेली पिळून चेंबरमध्ये पडते, तिचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल मिळेनासं होतं. पेस्ट जिथं कंपनीनंच सांगितली आहे तिथं, पातळ एकसारखी रेघ एवढीच.

काम झाल्यावर तो भाग त्यांच्याकडूनच धुऊन घ्या, नाहीतर जुनंच ऑइल नवीन गळती म्हणून दिसत राहील. घरी आल्यावर पुन्हा कोरा पुठ्ठा टाका, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा, आठवडाभर रोज सकाळी बघा. ताईनं तिचा पुठ्ठा अजून पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. त्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यातला एक डाग आहे, एसीच्या पाण्याचा.